सोर्स कोडमधील कमेंटमधून सॉफ्टवेअरचे दस्तऐवजीकरण कसे तयार करावे

एखाद्या लायब्ररीतील फंक्शन वापरू पाहणाऱ्याला त्या फंक्शनच्या आत डोकावण्याची गरज पडू नये. त्याला काय द्यायचे, त्याच्याकडून परत काय मिळते आणि कोणत्या परिस्थितीत काम फसते, हे बाहेरूनच कळले पाहिजे. ही माहिती वेगळ्या फाइलमध्ये किंवा एखाद्या विकीवर लिहून ठेवली, तर कोड बदलणाऱ्याला ती बदलण्याची आठवण राहत नाही आणि थोड्याच काळात कोड एक सांगतो व दस्तऐवज दुसरेच. तीच माहिती फंक्शनच्या लगेच वर कमेंटच्या रूपात लिहिली आणि एखाद्या साधनाने ती तेथून उचलून तिची नीट वाचता येतील अशी पाने तयार केली, तर ती बदल करणाऱ्याच्या नजरेसमोर राहते, कोडसोबत त्याच कमिटमध्ये, म्हणजे एकत्र नोंदवलेल्या बदलात, बदलता येते आणि रिव्ह्यू करणाऱ्यालाही दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात. ही व्यवस्था कशी उभी करावी, ते पुढे सांगितले आहे. त्यात साधनापेक्षा कमेंटच्या मजकुरावर जास्त भर दिला आहे, कारण साधन केवळ मांडणी करते. कमेंटमध्ये जे नाही ते पानावरही येत नाही.

साधनाची निवड

निवड बहुधा प्रोग्रामिंग भाषाच ठरवते. जावासोबत १९९६ पासूनच जावाडॉक येते, त्यामुळे जावासाठी दुसरे काही शोधण्याचे कारण नाही. सी आणि सी++ साठी दिमित्री व्हान हेश यांनी लिहिलेले आणि १९९७ पासून उपलब्ध असलेले डॉक्सिजेन हे सर्वांत रुळलेले साधन आहे. ते इतरही अनेक भाषा वाचते, म्हणून एकाच प्रकल्पात भाषांची सरमिसळ असेल तेव्हाही ते सोयीचे पडते. पायथॉनमध्ये स्फिंक्स वापरतात. गेऑर्ग ब्रांडल यांनी ते मुळात पायथॉनच्या स्वतःच्या दस्तऐवजांसाठी लिहिले आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केले. रस्ट आणि गो या भाषांची साधने भाषेसोबतच येतात. जावास्क्रिप्टसाठी जेएसडॉक आहे, तर टाइपस्क्रिप्टसाठी टाइपडॉक. भाषेचे स्वतःचे साधन असेल तर तेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्या भाषेचे वाचक त्या पानांच्या रचनेला सरावलेले असतात आणि कोड लिहिण्याचे संपादकही (एडिटर) तेच संकेत ओळखून फंक्शनवर कर्सर नेताच कमेंट दाखवतात.

कमेंट साधनाला दिसली पाहिजे

साधने प्रत्येक कमेंट उचलत नाहीत. जावा, जावास्क्रिप्ट, सी व सी++ यांत कमेंटची सुरुवात एका तिरप्या रेषेनंतर दोन तारका, म्हणजे `/**` अशी करावी लागते. एकच तारका असलेली कमेंट साधी समजली जाते आणि पानावर येत नाही. उलट, सजावट म्हणून तीन किंवा अधिक तारका दिल्या तर जेएसडॉक ती कमेंट सोडून देते. रस्ट आणि सी# मध्ये तीन तिरप्या रेषा, म्हणजे `///` वापरतात. डॉक्सिजेनलाही त्या चालतात. गोमध्ये कोणतीही खास खूण नाही, पण कमेंट आणि तिच्याखालील घोषणा यांच्यामध्ये एकही कोरी ओळ असता कामा नये. ती असली की कमेंट गळते आणि साधन त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. पायथॉनमध्ये तर ही कमेंट नसतेच. फंक्शनच्या किंवा क्लासच्या आत पहिले विधान म्हणून लिहिलेली स्ट्रिंग, म्हणजे डॉकस्ट्रिंग, हे काम करते आणि प्रोग्राम चालू असतानाही ती उपलब्ध राहते. तिचे संकेत पेप २५७ या पायथॉनच्या प्रस्ताव-दस्तऐवजात दिले आहेत.

कमेंटच्या आत विशिष्ट गोष्टी दाखवण्यासाठी टॅग असतात. ते प्रत्यक्ष फाइलमध्ये रोमन लिपीतच लिहावे लागतात. येथे ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. कमांड, सेटिंग व फंक्शन यांच्या नावांनाही हेच लागू आहे.

कमेंटमध्ये काय लिहावे

समजा, तापमानाच्या नोंदींची सरकती सरासरी काढणारे एक फंक्शन आहे. त्याला नोंदींची यादी आणि खिडकीची रुंदी, म्हणजे एका वेळी सलग किती नोंदींची सरासरी काढायची ती संख्या, द्यायची असते. या फंक्शनवर पुष्कळदा ‘सरकती सरासरी काढते’ एवढीच कमेंट आढळते, जी फंक्शनच्या नावात नाही असे काहीच सांगत नाही. वापरणाऱ्याच्या मनात उठणारे प्रश्न वेगळेच असतात. नोंदी कोणत्या एककात द्यायच्या? रुंदी शून्य दिली तर काय होईल? यादी रुंदीपेक्षा लहान असेल तर एरर येईल की रिकामी यादी मिळेल? मी दिलेली यादी फंक्शन बदलून टाकेल का? एखादी नोंद गहाळ (‘नॅन’, म्हणजे संख्या नसलेले मूल्य) असेल तर तिचा परिणाम किती सरासऱ्यांवर होईल? चांगली कमेंट या प्रश्नांना उत्तरे देते. जावाडॉकच्या किंवा डॉक्सिजेनच्या पद्धतीने ती अशी लिहिता येईल:

```
/**
 * नोंदींची सरकती सरासरी त्यांच्या मूळ क्रमाने देते.
 *
 * नोंदी अंश सेल्सिअसमध्ये आणि काळाच्या चढत्या क्रमाने
 * असाव्यात, क्रम तपासला जात नाही. दिलेली यादी बदलली
 * जात नाही. एखादी नोंद ‘नॅन’ असेल, तर ती ज्या खिडक्यांत
 * येते तेवढ्याच सरासऱ्या ‘नॅन’ होतात.
 *
 * @पॅराम नोंदी  तापमानाच्या नोंदी. यादी रिकामी चालते
 * @पॅराम रुंदी  एका खिडकीतील नोंदींची संख्या, किमान १
 * @रिटर्न  सरासऱ्यांची नवी यादी. नोंदी रुंदीपेक्षा कमी
 *          असल्यास रिकामी यादी
 * @थ्रोज इलीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन  रुंदी १ पेक्षा कमी असल्यास
 */
```

यात पॅरामीटरचे टाइप लिहिलेले नाहीत, कारण ते फंक्शनच्या घोषणेत आहेत आणि साधन ते आपोआप पानावर आणते. तेच कमेंटमध्ये पुन्हा लिहिले तर उद्या टाइप बदलल्यावर ती ओळ खोटी ठरेल. टाइपची घोषणा नसलेल्या जावास्क्रिप्टमध्ये मात्र टाइप कमेंटमध्येच द्यावे लागतात. ‘क्रम तपासला जात नाही’ हे वाक्य क्षुल्लक वाटेल, पण माझ्या मते संपूर्ण कमेंटमधील सर्वांत उपयोगी वाक्य तेच आहे, कारण जबाबदारी कोणाची हे त्यातून ठरते. याच जातीच्या आणखी काही गोष्टी भाषेनुसार लिहाव्या लागतात. सीमध्ये परत मिळालेली मेमरी कोणी मोकळी करायची आणि नल पॉइंटर चालतो की नाही, हे सांगितलेच पाहिजे. अनेक थ्रेडमधून एकाच वेळी फंक्शन बोलावणे सुरक्षित आहे का, तेही सांगावे. आणि वेळेशी संबंधित पॅरामीटर असेल तर तो सेकंदांत आहे की मिलिसेकंदांत, हे कधीही गाळू नये.

फंक्शन आतून कसे चालते, ही माहिती या कमेंटमध्ये नको. समजा, वरील फंक्शन चालती बेरीज पुढे नेण्याऐवजी प्रत्येक खिडकीची बेरीज नव्याने करते. तसे करण्यामागे कारण आहे: चालत्या बेरजेत एकदा ‘नॅन’ शिरला की पुढच्या सगळ्या सरासऱ्या नासतात आणि दशांशांच्या छोट्या चुकाही साठत जातात. हे कारण मोलाचे आहे, नाहीतर कोणीतरी वेग वाढवण्याच्या नादात ती रचना मोडेल. पण ते फंक्शनच्या शरीरात, त्या ओळीच्या वर, साध्या कमेंटमध्ये लिहावे. बाहेरची कमेंट वापरणाऱ्यासाठी असते आणि आतली दुरुस्ती करणाऱ्यासाठी. या दोन वाचकांची गल्लत झाली, की तयार झालेली पाने लांबतात आणि तरीही हवे ते त्यांत सापडत नाही.

पहिल्या वाक्याकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. जावाडॉक पहिले वाक्य उचलून क्लासच्या सारांश-तक्त्यात ठेवते, म्हणून ते एकटे वाचले तरी अर्थपूर्ण असावे. हे वाक्य कोठे संपते हे जावाडॉक पूर्णविराम आणि त्यामागची मोकळी जागा यांवरून ठरवते. परिणामी पहिल्याच वाक्यात ‘उदा.’ किंवा ‘इ.’ असे संक्षेप आले, तर सारांश तेथेच तुटतो. डॉक्सिजेनमध्ये सारांशासाठी ‘@ब्रीफ’ हा टॅग लिहावा लागतो, किंवा ‘जावाडॉक_ऑटोब्रीफ’ हे सेटिंग ‘येस’ करावे लागते. मूळ स्थितीत ते ‘नो’ असते. पायथॉनमध्ये पहिली ओळ सारांशाची, नंतर एक कोरी ओळ आणि मग तपशील असा संकेत आहे, तर गोमध्ये वाक्याची सुरुवात ज्या गोष्टीचे वर्णन आहे तिच्या नावाने करतात.

डॉक्सिजेन चालवणे

प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये ‘डॉक्सिजेन -जी’ ही कमांड दिली की ‘डॉक्सीफाइल’ नावाची सेटिंगची फाइल तयार होते. ती शेकडो सेटिंगची आणि स्पष्टीकरणांनी भरलेली असल्यामुळे पहिल्यांदा पाहणारा गांगरतो, पण सुरुवातीला त्यांतील मोजकीच बदलावी लागतात. ‘प्रोजेक्ट_नेम’मध्ये नाव द्यावे, ‘इनपुट’मध्ये कोडचे फोल्डर द्यावे आणि ‘रिकर्सिव्ह’ ‘येस’ करावे. हे शेवटचे राहून गेले तर उपफोल्डरांतील एकही फाइल वाचली जात नाही. बाहेरून आणलेला कोड आणि चाचण्यांच्या फाइली ‘एक्सक्लूड_पॅटर्न्स’ने वगळाव्यात. एचटीएमएलसोबत लाटेकची, म्हणजे जिच्यातून पीडीएफ बनते त्या मांडणी-प्रणालीची, फाइलही मूळ सेटिंगनुसार तयार होते. पीडीएफ नको असेल तर ‘जनरेट_लाटेक’ बंद करावे. त्यानंतर नुसते ‘डॉक्सिजेन’ चालवले की ‘एचटीएमएल’ नावाच्या फोल्डरमध्ये पाने मिळतात.

पहिल्या फेरीत हमखास आढळणारी तक्रार अशी, की कमेंट नीट लिहूनही जागतिक फंक्शने, म्हणजे कोणत्याही क्लासमध्ये नसलेली फंक्शने, पानांवर दिसत नाहीत. सीच्या प्रकल्पात तर सगळाच कोड असा असतो. अशी फंक्शने, मॅक्रो आणि एनम दाखवायचे असतील तर ती ज्या फाइलमध्ये आहेत त्या फाइललाही कमेंट लागते. फाइलच्या सुरुवातीला ‘@फाइल’ हा टॅग असलेला एक छोटा ब्लॉक लिहिला की अडचण दूर होते. हा उपाय ठाऊक नसल्यामुळे अनेक जण ‘एक्स्ट्रॅक्ट_ऑल’ हे सेटिंग ‘येस’ करून मोकळे होतात. त्याने सगळे काही पानावर येते खरे, पण कमेंट नसलेल्या गोष्टींबद्दलच्या वॉर्निंग बंद होतात, आणि त्या वॉर्निंग हीच तर डॉक्सिजेनची खरी मदत असते. म्हणून ते सेटिंग ‘नो’च ठेवावे.

फंक्शन कोणाला बोलावते आणि क्लासचा वारसा कसा आहे, याच्या आकृत्या हव्या असतील तर ग्राफव्हिझ हे आकृत्या काढणारे साधन बसवून ‘हॅव_डॉट’ सुरू करावे; फंक्शनांच्या आकृत्यांसाठी ‘कॉल_ग्राफ’ही सुरू करावे लागते. मोठ्या प्रकल्पात त्याने वेळ बराच वाढतो, म्हणून वारशाच्या आकृत्यांपुरतेच थांबणे मला योग्य वाटते.

पायथॉन आणि स्फिंक्स

स्फिंक्सची प्रकृती वेगळी आहे. ते मुळात हाताने लिहिलेल्या मजकुराची पाने बांधणारे साधन आहे आणि कोडमधून डॉकस्ट्रिंग उचलण्याचे काम त्यातील ‘ऑटोडॉक’ हा विस्तार करतो. ‘स्फिंक्स-क्विकस्टार्ट’ ही कमांड चालवली की सेटिंगची ‘कॉन्फ’ फाइल आणि पहिले पान तयार होते. ‘कॉन्फ’ फाइलमधील विस्तारांच्या यादीत ऑटोडॉक घालावे. डॉकस्ट्रिंग गूगलच्या किंवा नमपायच्या शैलीत लिहिल्या असतील तर ‘नेपोलियन’ हा विस्तारही घालावा. मग पानात ‘ऑटोमॉड्यूल’ ही सूचना मॉड्यूलच्या नावासह लिहावी आणि तिला ‘मेंबर्स’ हा पर्याय द्यावा. हा पर्याय दिल्यावरही डॉकस्ट्रिंग नसलेले सदस्य गाळले जातात, हे ध्यानात असू द्यावे. मॉड्यूल पुष्कळ असतील तर अशी पाने ‘स्फिंक्स-एपीआयडॉक’ तयार करून देते. शेवटी ‘मेक एचटीएमएल’ दिले की झाले.

ऑटोडॉकबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असावी: ते कोड नुसता वाचत नाही, तर मॉड्यूल इंपोर्ट करते, म्हणजे प्रत्यक्ष चालवते. मॉड्यूल इंपोर्ट होताच डेटाबेसशी जोडणी करणारा किंवा फाइल पुसणारा कोड त्यात असेल, तर दस्तऐवज तयार करतानाही ते घडेल. असा कोड फंक्शनच्या आत किंवा मॉड्यूल थेट चालवल्यावरच लागू होणाऱ्या अटीखाली असावा. त्याचप्रमाणे, मॉड्यूलला लागणाऱ्या लायब्ररी दस्तऐवज बांधणाऱ्या मशीनवर नसतील तर इंपोर्ट फसते आणि वॉर्निंगपलीकडे काही न होता पान रिकामे राहते. त्यासाठी ‘ऑटोडॉक_मॉक_इंपोर्ट्स’ या सेटिंगमध्ये त्या लायब्ररींची नावे द्यावीत. स्फिंक्समधून देवनागरी मजकुराची पीडीएफ काढायची असेल तर लाटेकचे इंजिन ‘झीलाटेक’ निवडून देवनागरी फाँट नेमावा लागतो. एचटीएमएलसाठी फाइली यूटीएफ-८ मध्ये असल्या की पुरे.

उरलेल्या भाषा

येथे फारसे काही करावे लागत नाही. रस्टमध्ये ‘कार्गो डॉक’ ही कमांड पुरते; अवलंबून असलेल्या लायब्ररींची पाने नको असतील तर तिला ‘नो-डेप्स’ हा पर्याय द्यावा. गोमध्ये ‘गो डॉक’ टर्मिनलवरच कमेंट दाखवते. जावामध्ये मेव्हन किंवा ग्रेडल या बिल्डच्या साधनांतूनच जावाडॉक चालवणे सोयीचे असते, आणि जेडीके २३ पासून `///` ने सुरू होणाऱ्या कमेंट मार्कडाउन या साध्या खुणांच्या लेखनपद्धतीतही लिहिता येतात.

उदाहरणे चालवून पाहावीत

वापराचे एक छोटे उदाहरण परिच्छेदभर वर्णनापेक्षा लवकर समजते, पण कमेंटमधील उदाहरण कंपायलर पाहत नसल्यामुळे तेच सर्वांत आधी शिळे होते. त्यावर उपाय उपलब्ध आहेत आणि ते वापरलेच पाहिजेत. रस्टमध्ये कमेंटमधील कोड ‘कार्गो टेस्ट’ दिल्यावर आपोआप कंपाइल होऊन चालतो. पायथॉनचे ‘डॉकटेस्ट’ मॉड्यूल डॉकस्ट्रिंगमधील उदाहरण चालवून त्याचे उत्तर लिहिलेल्या उत्तराशी ताडून पाहते. गोमध्ये ‘एक्झाम्पल’ने नाव सुरू होणारी फंक्शने चाचणीच्या फाइलमध्ये लिहितात, ‘आउटपुट’ अशी कमेंट शेवटी असेल तर ती चालवून तपासली जातात आणि दस्तऐवजाच्या पानावरही दिसतात. सी++ मध्ये डॉक्सिजेनचा ‘@स्निपेट’ टॅग खऱ्या, कंपाइल होणाऱ्या फाइलमधील खुणा केलेला भाग उचलून पानावर आणतो, आणि जावामध्ये जेडीके १८ पासून त्याच नावाचा टॅग बाहेरच्या फाइलमधील कोड दाखवू शकतो. एवढी सोय असताना उदाहरण हाताने चिकटवू नये.

बिल्डमध्ये बसवणे

दस्तऐवज कोणाच्या तरी मशीनवर, कोणाला तरी आठवण झाली की तयार होत असेल, तर तो लवकरच मागे पडतो. प्रत्येक बदलासोबत बिल्ड सर्व्हरनेच, म्हणजे कोड आपोआप बांधून तपासणाऱ्या मशीननेच, तो बांधावा आणि वॉर्निंग आली की बिल्ड अडवावे. स्फिंक्सला यासाठी ‘-डब्ल्यू’ हा पर्याय आहे. डॉक्सिजेनमध्ये ‘वॉर्न_अ‍ॅज_एरर’ हे सेटिंग आहे. त्याला ‘येस’ दिले तर पहिल्याच वॉर्निंगला काम थांबते, म्हणून ‘फेल_ऑन_वॉर्निंग्ज’ द्यावे, म्हणजे सगळ्या वॉर्निंग एकदम दिसतात. जावामध्ये जेडीके ८ पासून ‘डॉकलिंट’ ही तपासणी आहे. पॅरामीटरचे नाव बदलले पण कमेंटमधील नाव जुनेच राहिले, अशा चुका ती पकडते. रस्टमध्ये ‘मिसिंग_डॉक्स’ हा लिंट, म्हणजे कंपायलरची तपासणी, सुरू केला की कमेंट नसलेली प्रत्येक सार्वजनिक गोष्ट कंपायलरच दाखवतो.

तयार झालेली पाने रिपॉझिटरीत कमिट करू नयेत, नाहीतर प्रत्येक रिव्ह्यूमध्ये यंत्राने केलेल्या बदलांचा ढीग साचतो. ती गिटहब पेजेस, गिटलॅब पेजेस किंवा रीड द डॉक्स अशा ठिकाणी प्रसिद्ध करावीत आणि प्रत्येक आवृत्तीची पाने वेगळी ठेवावीत, कारण जुनी आवृत्ती वापरणाऱ्याला जुनीच पाने हवी असतात. क्रेट्स डॉट आयओ या कोठारावर प्रसिद्ध केलेल्या रस्टच्या लायब्ररींसाठी (त्यांना ‘क्रेट’ म्हणतात) डॉक्स डॉट आरएस हे काम स्वतःहूनच करते.

फंक्शनांची यादी कितीही नेटकी झाली, तरी नव्या वाचकाला कोठून सुरुवात करावी हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी लायब्ररी कशासाठी आहे, तिच्यातील मुख्य कल्पना कोणत्या आणि पहिला कार्यरत प्रोग्राम कसा लिहावा, हे हाताने लिहिलेले एक पान हवेच. तेही कोडच्या जवळच ठेवता येते: जावामध्ये ‘पॅकेज-इन्फो’ फाइलमध्ये, रस्टमध्ये क्रेटच्या मुख्य फाइलच्या सुरुवातीला `//!` ने, गोमध्ये पॅकेजच्या घोषणेवरील कमेंटमध्ये आणि डॉक्सिजेनमध्ये मार्कडाउनची एखादी फाइल मुखपृष्ठ म्हणून नेमून.

जुना कोड हाती असेल तर

आतापर्यंत कमेंटच नसलेल्या मोठ्या प्रकल्पात सगळ्या वॉर्निंग पहिल्याच दिवशी एरर करणे घातक ठरते. बिल्ड हिरवे व्हावे म्हणून लोक शेकडो फंक्शनांवर ‘नाव देते’, ‘मूल्य ठरवते’ अशा पोकळ ओळी चिकटवतात. संपादकाने आपोआप भरलेले टॅगचे रिकामे सांगाडेही याच प्रकारात मोडतात. त्यानंतर साधनाला सर्व काही लिहिलेले दिसते आणि खरी उणीव कोठे आहे हे दाखवणारी वॉर्निंग कायमची जाते. त्यापेक्षा सुरुवात बाहेरून सर्वाधिक बोलावल्या जाणाऱ्या सार्वजनिक फंक्शनांपासून करावी, ज्या मॉड्यूलचे काम पूर्ण झाले त्या मॉड्यूलपुरतीच वॉर्निंग एरर करावी आणि बाकीच्यांसाठी एवढाच नियम ठेवावा, की ज्या फंक्शनला हात लागेल त्याची कमेंट त्याच कमिटमध्ये लिहिली जाईल. लिहिण्याजोगे काही सुचत नसेल तेव्हा ते फंक्शन वापरणाऱ्या सहकाऱ्याने मागे कोणता प्रश्न विचारला होता ते आठवावे, आणि त्याचे उत्तर कमेंटमध्ये घालावे.